पाटे काढून कॉइलओव्हर बसवले, आणि आता आरटीओची नोटीस

प्रश्न : आजोबांनी घेतलेला, १९७१ साली नोंदणी झालेला एक पेट्रोल पिकअप माझ्याकडे आहे. नोंद खासगी वापराची आहे, आरसी आणि विमा चालू आहे. २२ महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये चारही पाटे (लीफ स्प्रिंग) काढून परदेशातून मागवलेलं कॉइलओव्हर किट बसवून घेतलं. त्यासाठी चेसिसवर ब्रॅकेट वेल्ड करावे लागले. गेल्या महिन्यात मागच्या उजव्या बाजूचं वरचं ब्रॅकेट खड्ड्यात वेल्डपाशी सुटलं, गाडी एकदम ओढली गेली आणि रस्त्याकडेच्या उभ्या कारवर आदळली. कोणाला इजा झाली नाही. विमा कंपनीनं ‘न कळवलेला बदल’ म्हणून माझ्या गाडीचा क्लेम फेटाळला. आरटीओनं १५ दिवसांत खुलासा मागितला आहे. गॅरेजवाले म्हणतात, किट तुमचं, आम्ही फक्त बसवलं. या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करायचंही माझ्या मनात होतं. एक मित्र म्हणतो, ‘फक्त शॉकॲब्झॉर्बर बदलले एवढंच लिहून दे, विषय संपव.’ काय करू?

उत्तर : मित्राचा सल्ला आधी बाजूला ठेवा. ‘फक्त शॉकॲब्झॉर्बर बदलले’ असं आरटीओला आज लिहून दिलंत, तर उद्या गॅरेजवाल्याचा वकील तोच कागद ग्राहक आयोगात तुमच्यापुढे धरेल. तिथे तुम्हाला सांगायचं आहे, ‘यांनी चेसिसवर कच्चं वेल्डिंग केलं.’ मग तो विचारेल, चेसिसला हात लावला होता की नव्हता? विमा कंपनीही तो खुलासा माहिती अधिकारात मागेल किंवा थेट तुमच्याकडेच मागेल. तुमचं भांडण चार ठिकाणी आहे आणि प्रत्येक ठिकाणी गाडीचं वेगळं वर्णन सोयीचं वाटणार आहे. आधी एक खरं वर्णन कागदावर उतरवा, त्यावर तारीख घाला आणि सगळीकडे तेच द्या. यात एका ठिकाणी थोडं नुकसान होईल, पण सगळं एकदम हातचं जाणार नाही.

वर्णन लिहिताना काय महत्त्वाचं ते कळायला थोडं गाडीखाली वाकावं लागेल. पाटा हा नुसता स्प्रिंग नसतो. गाडीचं वजन तो झेलतोच, शिवाय आस (चाकांना जोडणारा ॲक्सल) पुढेमागे आणि आडवा सरकू नये म्हणून त्याला जागेवर धरूनही ठेवतो. त्याचा भार चेसिसवर पुढच्या आणि मागच्या टोकाला वाटून जातो. कॉइलओव्हरमध्ये शॉकॲब्झॉर्बर आणि त्याभोवतीचा स्प्रिंग मिळून एकच नग असतो आणि तो आस धरत नाही. त्यामुळे पाटे काढले की आस धरायला वेगळ्या दांड्या लागतात. धक्क्याचा सगळा जोर चेसिसवर जिथे वरचं ब्रॅकेट आहे त्या एका ठिकाणी येतो, आणि तुमचं वेल्ड नेमकं तिथेच सुटलं. म्हणजे तुम्ही केलं ते ‘जुना भाग काढून तसाच नवा घातला’ या जातीचं काम नाही. कायद्याच्या नजरेतला फरक इथूनच सुरू होतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणतं की निर्मात्यानं मूळ ठरवलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा फरक, ज्यामुळे त्याचं मूलभूत स्वरूप बदलतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. राज्याचे नियम काहीही म्हणोत, निर्मात्याच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल चालणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे.

आता तुमची आरसी काढा आणि वाचा. सस्पेन्शनचा रकाना त्यात सापडणार नाही. ‘मग कलम ५२ लागूच कसं होतं?’ हा तुमच्या बाजूचा खरा मुद्दा आहे आणि तो मांडायलाच हवा. पण त्याच आरसीवर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि विनाभार वजन लिहिलेलं असतं. पाट्यांच्या जागी दांड्या आल्या की आस थोडा पुढे किंवा मागे बसू शकतो. दोनतीन सेंटिमीटरचा फरक मेकॅनिकच्या लेखी काहीच नाही, आरसीच्या लेखी मात्र ती विसंगती आहे. म्हणून खुलासा लिहायच्या आधी दोन गोष्टी करा. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजून घ्या आणि गाडी वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या. दोन्ही आकडे आरसीशी जुळले तर तुमचा खुलासा भक्कम होईल. जुळले नाहीत, तर ते आरटीओच्या निरीक्षकानं शोधण्यापेक्षा तुम्हीच आधी सांगितलेलं बरं.

खुलाशात मी काय लिहीन ते सांगते. पाटे अमुक तारखेला काढले, ब्रॅकेट चेसिसवर वेल्ड केले, इंजिन, बॉडी आणि चेसिस क्रमांक जसेच्या तसे आहेत, मोजमापं सोबत जोडली आहेत, आणि गाडी मूळ पाट्यांवर परत नेऊन तपासणीला हजर करण्याची तयारी आहे. त्याखाली एक वेगळा परिच्छेद : आरसीवरच्या तपशिलात फरक पडलेला नसल्यानं हा कलम ५२ चा बदल ठरत नाही असं माझं म्हणणं आहे आणि ते मी राखून ठेवतो. वस्तुस्थिती कबूल करायची, तिचा कायदेशीर अर्थ कबूल करायचा नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या की निम्मं काम झालं. पूर्वपरवानगीशिवाय केलेला बदल १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावा अशीही तरतूद आहे. ती मुदत कधीच उलटली, त्याबद्दल सबबी सांगत बसू नका.

शिक्षेची भीती तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसते. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिलीच वेळ, कोणी जखमी नाही आणि मालक स्वतः गाडी पूर्ववत करतो आहे, अशा प्रकरणात तुरुंगाच्या काळजीनं झोप घालवू नका. जास्त काळजी कलम ५३ ची करा. गाडी रस्त्यावर धोकादायक आहे असं वाटलं तर नोंदणी अधिकारी नोंदणी निलंबित करू शकतो. त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि तसा आदेश निघालाच तर मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं.

व्हिंटेजच्या बाबतीत मात्र मला कटू बोलावं लागेल. केंद्रानं जुलै २०२१ मध्ये नियम ८१अ पासून पुढचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेलं दुचाकी किंवा चारचाकी वाहन त्यात बसतं, म्हणजे वयाची अट तुमच्या पिकअपनं केव्हाच ओलांडली आहे. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुनाच क्रमांक ठेवता येतो, त्यामुळे आजोबांची पाटी जाईल ही धास्तीही नको. अट आहे ती मूळ स्वरूपाची : चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. किट नटबोल्टवर बसलं असतं तर मी तुमच्यासाठी मोठ्या आवाजात भांडले असते. वेल्ड केलेलं ब्रॅकेट काढलं तरी चेसिसवर व्रण राहतो, आणि तो रंगाखाली लपवून अर्ज करणं हा मित्राच्या सल्ल्याचाच दुसरा अवतार आहे.

तरीही दार पूर्ण बंद झालेलं नाही. मूळ पाटे आणि त्यांचे शॅकल (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) जपून ठेवले आहेत का, चेसिसवरचे पाटे अडकवायचे मूळ हँगर कापले की तसेच आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हँगर शाबूत असतील तर पाटे परत चढवून, वेल्डच्या जागी काय केलं ते अर्जात उघडपणे नमूद करून, ‘ही दुरुस्ती आहे, फेरफार नाही’ असं मांडता येईल. हँगर कापून टाकले असतील तर तो अर्ज करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. आणखी एक. व्हिंटेज नोंद झालेली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कारणांपुरतीच ती बाहेर निघते. तुम्हाला ती चालवायची आहे की मिरवायची आहे, हे आधी ठरवा.

विम्याचे दोन भाग आहेत आणि कंपनी ते मुद्दाम एकत्र करून बोलते. ज्या कारला तुम्ही धडक दिलीत त्या मालकाचा दावा तृतीय पक्षाचा आहे. तिथे कंपनीला कोणते बचाव घेता येतात त्याची यादी मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये दिलेली आहे आणि ‘सस्पेन्शन बदललं’ हा त्यातला बचाव नाही. महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेतली, असं म्हणण्याचा प्रयत्न कंपनी करेल. ते सिद्ध करण्याचं ओझं तिच्यावर आहे. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी फेरफारांबद्दल तुम्हाला काही विचारलं होतं का, ते कागद आजच शोधा.

तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान हा अवघड भाग. बदलाचा अपघाताशी संबंध नसता तर मी निश्चिंत असते, पण इथे बदललेला भागच सुटला. सुटलेल्या ब्रॅकेटचा खर्च सोडून द्या. यांत्रिक बिघाड पॉलिसीत मुळातच वगळलेला असतो. त्यातून पुढे झालेल्या धडकेच्या नुकसानीसाठी मात्र भांडायला जागा आहे. अटीचा भंग झाला तरी संपूर्ण क्लेम नाकारण्याऐवजी तो ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीनं, म्हणजे काही टक्के कापून, द्यावा अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयानं अमलेंदू साहू प्रकरणात २०१० मध्ये घेतली होती. तिथे चर्चेत आलेला आकडा ७५ टक्क्यांपर्यंतचा होता. तुम्हाला तेवढे मिळतील असं वचन देणार नाही, पण कंपनीला लिहिताना हीच मागणी करा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मुदत नकारापासून एक वर्षाची. मात्र तोच वाद ग्राहक आयोगात नेला असेल तर लोकपाल हात लावणार नाहीत, तेव्हा कंपनीसाठी एकच दार निवडा.

गॅरेजवाल्याचं उत्तर जुनंच आहे. कापड गिऱ्हाइकाचं होतं म्हणून उसवलेली शिवण शिंप्याच्या अंगावरून जात नाही. किट मोडलेलं नाही, वेल्ड सुटलं, आणि वेल्ड त्यांचं. तुम्ही पाठवलेल्या बिलावर ‘चेसिस ब्रॅकेट वेल्डिंग व फिटिंग’ असं त्यांच्याच अक्षरात लिहिलं आहे, हा तुमचा सगळ्यात चांगला कागद. परदेशी विक्रेत्याच्या मागे या घडीला लागू नका. त्यांचं किट याच वजनाच्या गाडीसाठी होतं का, हा प्रश्न मात्र उलटतपासणीत तुम्हालाच विचारला जाईल. ते मागवलंत तुम्ही, त्यामुळे भरपाईतला काही भाग आयोगानं तुमच्या माथी मारला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

खरी घाई इथे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीची मुदत दोन वर्षं. ती अपघातापासून धरावी असं आपण म्हणू. गॅरेजवाले काम झाल्या दिवसापासून म्हणतील, आणि त्या हिशेबानं तुमच्याकडे जेमतेम दोन महिने उरतात. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण जो वाद टाळता येतो तो ओढवून कशाला घ्यायचा? पंधरा दिवसांची नोटीस पाठवा आणि दोन महिन्यांच्या आत जिल्हा आयोगात तक्रार दाखल करा. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात ती करता येते, आणि गॅरेजला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

सुटलेलं ब्रॅकेट जसं आहे तसं पिशवीत बंद करून ठेवा. घासू नका, रंगवू नका, ‘तात्पुरतं’ म्हणून परत वेल्ड तर मुळीच करू नका. जोड कच्चा होता की जोर जास्त आला, हे तुटलेल्या पृष्ठभागावरून तज्ज्ञाला कळतं आणि आयोग तो भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलानं तुटलेला भाग भंगारात दिला आणि मग सुनावणीभर त्याचे फोटो दाखवत बसला. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुरावा म्हणून द्यायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. तो फोन विकू नका, बदलूही नका.

वजनकाट्यावर, तपासणीला किंवा पाटे चढवायला नेताना गाडी टो करूनच न्या. गाडीत धोकादायक दोष आहे हे ठाऊक असताना ती रस्त्यावर चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली वेगळा गुन्हा आहे, आणि ब्रॅकेट सुटल्यापासून ‘मला ठाऊक नव्हतं’ असं म्हणायची सोय तुम्हाला उरलेली नाही.