गाडीतला संडास: आधी पाण्याचा हिशेब, मग भांडं

प्रश्न : फोर्स ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतोय. आम्ही चौघं, त्यात सासूबाई पंचाहत्तरीच्या, गुडघे दुखतात. पोर्टेबल संडास घ्यावा की कॅसेटवाला, म्हणजे खालची मैल्याची टाकी बाहेरून ओढून काढायचा? पाण्याशिवाय चालणाराही मिळतो म्हणे. (नाशिक)

भांडं निवडायच्या आधी कागद-पेन्सिल घ्या. परदेशी कंपन्यांचे आकडे कागद वापरणाऱ्या माणसाचे असतात. आपण पाण्याने धुतो, आणि सगळं गणित तिथेच बदलतं.

लघवीच्या एका खेपेला फ्लशसकट अर्धा लिटर धरा. दिवसाच्या पाच खेपांचे अडीच लिटर झाले. शौचाच्या खेपेला फ्लशचा एक लिटर, धुवायला अर्धा लिटर आणि वर मैल्याचा पाव लिटर, म्हणजे पावणेदोन. माणशी सव्वाचार लिटर, चौघांचे सतरा. कॅसेटची टाकी साधारण १८ लिटरची असते, म्हणजे ती रोज रिकामी करावी लागणार. हा हिशेब मगाने बेताने धुतलं तरचा आहे. जेट स्प्रे लावलात तर एका वेळेला सहज दोन लिटर जातात आणि संध्याकाळच्या आत टाकी भरल्याचा लाल दिवा लागतो. लघवीनंतरही पाणी वापरायची सवय असेल तर ते वेगळं धरा. म्हणून जेट नको. अर्ध्या लिटरची नळीवाली बाटली ठेवा आणि एक जादा कॅसेट विकत घ्या.

पाण्याशिवाय चालणाऱ्या संडासात लघवी पुढच्या कॅनमध्ये जाते आणि मागच्या डब्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतं. मागचा भाग कोरडा राहिला तरच वास येत नाही. त्यात धुण्याचं पाणी पडलं की दोन दिवसांत चिखल होतो. धुवायला वेगळी जागा नसेल तर तुमच्या घराला तो चालणार नाही.

पोर्टेबल स्वस्त आहे आणि गाडीला भोक पाडावं लागत नाही, पण त्याची लहान मॉडेलं जेमतेम ३०-३२ सेंमी उंच असतात. दुखऱ्या गुडघ्यांना त्यावरून उठवणार नाही. सासूबाईंसाठी बैठक ४५ सेंमीच्या आसपास हवी आणि हाताशी पक्का दांडा हवा. दांडा पत्र्याला नको, आतल्या चौकटीला बोल्टने बसवा. माझं मत कॅसेटकडे आहे. मात्र बाहेरून कॅसेट ओढायचं दार कापण्याआधी आत चौकटीचा खांब किंवा चाकाची कमान येत नाही ना, हे मोजून घ्या. भरलेली कॅसेट २० किलोच्या वर जाते, ती कोण उचलणार हेही आत्ताच ठरवा.

घाट चढताना बाहेरचा हवेचा दाब उतरतो आणि बंद टाकीतला तसाच राहतो. महाबळेश्वरला पोचल्यावर भांडं आणि टाकी यांच्या मधली सरकती पाती एकदम उघडली तर आतलं भसकन वर येतं. झाकण लावून, पाती अगदी बोटभर सरकवून आधी हवा सोडा.

प्रश्न : जुन्या बसची मोटरहोम करतोय. बॉडीबिल्डर म्हणतो, घरातलाच सिरॅमिकचा कमोड बसवू, खाली दीडशे लिटरची टाकी देऊ. चालेल? (कोल्हापूर)

नाही. घरच्या कमोडमध्ये वास अडवतो तो वाकड्या नळीत साठलेला पाण्याचा थर. बस वळली, ब्रेक लागला की ते पाणी हिंदकळून निघून जातं आणि टाकीची हवा थेट आत येते. शिवाय एका फ्लशला सहा लिटर धरले तर पंचवीस फ्लशमध्ये टाकी काठोकाठ. हादऱ्यांनी स्क्रूच्या भोकापाशी सिरॅमिकला तडाही जातो. पुण्यात पीएमपीच्या (शहर बससेवेच्या) जुन्या बसमध्ये स्त्रियांसाठी शौचालयं केली होती, पण त्या बस एका जागी उभ्या असत. धावत्या गाडीचा नियम वेगळा.

पायाने दाबायच्या पेडलचं, तळाशी सरकती पाती असलेलं आरव्हीचं (राहायच्या गाडीचं) भांडं घ्या. टाकी जाड एचडीपीई प्लास्टिकची हवी, लोखंडी नको. ती दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधे बसवा, कारण भरल्यावर दीडशे किलो वजन लोंबणार आहे. निचऱ्याच्या पाइपला मीटरमागे दोन सेंमी उतार द्या. पाइप आणि टाकीच्या सांध्यात रबरी कपलर घाला, नुसता चिकटवलेला पीव्हीसी सांधा रस्त्याच्या हादऱ्यांनी सुटतो.

प्रश्न : पेडलवाल्या भांड्यात पाणी थांबत नाही, रात्रभरात उतरतं. वासही येतो. सील बदलायचं का? (सोलापूर)

आधी सील, म्हणजे पातीभोवतीचं रबर, साफ करा. बोअरच्या जड पाण्याचा क्षार पातीच्या खाचेत साचतो आणि पाती पूर्ण मिटत नाही, तुमच्याकडे तेच झालं असण्याची शक्यता जास्त.

टाकी रिकामी करा, पाण्याचा पंप बंद करा, हातमोजे घाला. कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा आणि जुन्या टूथब्रशने रबराच्या खालची खाच गोल फिरत घासा. टॉर्च लावून पाहिलंत तर पिवळट, वाळूसारखी कड दिसेल. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा, त्यात भिजवलेलं फडकं त्या कडेवर अर्धा तास ठेवा, पुन्हा घासून धुवा. कोरडं झाल्यावर रबराला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलीन किंवा गोडं तेल लावू नका, रबर फुगतं. अ‍ॅसिडचा टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर दोन्ही सीलची वाट लावतात. ही दोन एकत्र तर कधीच नकोत, क्लोरिन वायू सुटतो आणि गाडीतली ती खोली कपाटाएवढी असते.

मग अर्धा लिटर पाणी ओता, पेन्सिलने खूण करा, आठ तासांनी पाहा. तरीही उतरलं तर सील बदला, मॉडेल नंबर जुळवूनच मागवा.

पाणी थांबूनही वास राहिला तर तो कधी येतो ते पाहा. टाकी अर्ध्याच्या वर गेल्यावरच, पेडल दाबताच येत असेल तर व्हेंट पाइप हादऱ्यांनी खाली घसरला आहे. त्याचं टोक टाकीच्या आतल्या छताला समपातळीत हवं. ते खाली लोंबलं की मैल्यात बुडतं, वायूला छतावर जायची वाट उरत नाही आणि तो भांड्यातून वर येतो. पाइप वर ओढा, टाकीच्या भोकातली रबरी कडी (ग्रोमेट) नवी घाला, क्लॅम्प मारा. छताचा पंखा चालू असतानाच वास येत असेल तर पंखा टाकीतली हवा खेचतोय. पेडल दाबण्याआधी तो बंद करा किंवा खिडकी उघडा. सतत वास असेल तर भांड्याखालचं, टाकीच्या जोडावरचं रबर (फ्लँज सील) तपासा. आंघोळीच्या जाळीतला पाण्याचा थर वाळला असेल तर तिथूनही वास येतो.

प्रश्न : व्हॅनिटी व्हॅनचा मॅसरेटर पंप (मैला बारीक करून टाकीबाहेर ढकलणारा) नुसता घुमतो, फ्यूज उडतो. मेकॅनिक म्हणतो ३० अँपियरचा घाला. (गोरेगाव, मुंबई)

घालू नका, वायर जळेल. गाडी काही आठवडे उभी राहिली की पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं चाक) भिंतीला चिकटतो. वीज तोडा. बऱ्याच पंपांच्या मोटरमागे शाफ्टला स्क्रूड्रायव्हरची खाच असते, तिथून हाताने फिरवा. फिरला तर टाकीत वीसेक लिटर पाणी घालून चालवा. नाही फिरला तर पंप उघडावा लागेल, पात्यांना वेट वाइप किंवा पॅडचे धागे गुंडाळलेले सापडतील.

चालू पंपाच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. ११ व्होल्टच्या खाली दिसलं तर वायर बारीक आहे. बॅटरीपासून पाच मीटर म्हणजे जाऊन-येऊन दहा. अडीच चौरस मिमीच्या तारेत १८ अँपियरला सुमारे १.३ व्होल्ट वाटेतच जातात, सहाच्या तारेत अर्धाच व्होल्ट. सहाची तार ओढा, फ्यूज पंपावर लिहिलेलाच ठेवा. टाकी संपल्यावर आवाज चढतो, त्या क्षणी बटण सोडा. कोरडा चालला की इम्पेलर जळतो.

प्रश्न : रिकामं कुठे करायचं? (पुणे)

कॅसेट परवानगी घेऊन कुठल्याही जोडणी असलेल्या संडासात, हळूहळू ओतून. ओढ्यात, नाल्यात, घाटाच्या कडेला कधीच नाही. फॉर्मॅल्डिहाइडचं निळं रसायन सेप्टिक टँकचे जिवाणू मारतं, ढाब्यावर ओतणार असाल तर जैविक रसायन वापरा.

बसच्या टाकीसाठी नगरपालिकेचा किंवा परवानाधारक सक्शन टँकर बोलवा आणि मैला प्रक्रिया केंद्रातच जातोय ना हे विचारा. वाई आणि सिन्नरला अशी केंद्रं आहेत. उपसताना व्हेंट बंद असेल तर टाकी चेपते, तो आधी तपासा. आणि टाकी तुंबली म्हणून कुणाला बादलीने हाताने मैला काढायला लावू नका. २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. टाकी बनवतानाच वर हातभर झाकण आणि पाण्याच्या फवाऱ्याची नळी द्या, म्हणजे ती वेळच येणार नाही.