ऑफ-सीझनला प्राणी-पक्षी दिसतात का?

प्रश्न: गर्दी नको म्हणून सीझन संपल्यावर एखाद्या शांत खेड्यात आठवडाभर राहायचंय, पण तेव्हा प्राणी-पक्षी दिसतील का?

उत्तर: अहो दिसतात की, उलट जास्त निवांत दिसतात, कारण गाड्या नि माणसं कमी झाली की बुजरे प्राणीसुद्धा रस्त्याच्या कडेपर्यंत येतात. पानगळ झाल्यावर जाता आलं तर फारच छान, फांदीवरचा पक्षी झाकला जात नाही. उजाडायच्या आधीच बाहेर पडा, पहिले दोन तास अजिबात सोडू नका. दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असल्यामुळे कमी उजेडातही चालते.

आणि खाली बघत चला हो! ओल्या मातीत ठसा दिसला की आधी नखं शोधा, कोल्हा, लांडगा, कुत्रा यांच्या बोटांपुढे नखांचे टोकदार ठिपके उमटतात, मांजरकुळातले बहुतेक प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात म्हणून त्यांचा ठसा गोल नि साफ असतो, मला तर प्राणी दिसण्याइतकाच हा शोध आवडतो. पक्षी खाणं थांबवून मान वर करून तुमच्याकडे बघायला लागला तर मात्र लगेच मागे सरका.

राहायची जागा तेव्हा उघडी असते का ते आधी फोन करून विचारा, गाड्याही कमी असतात.