‘सापेक्ष’ म्हणजे ‘ज्याचं त्याचं’ नव्हे

प्रश्न असा आहे: ‘सत्य सापेक्ष असतं’ आणि ‘सत्य व्यक्तिनिष्ठ असतं’ या दोन वाक्यांचा अर्थ एकच का? आणि हल्ली कानावर येणारं ‘हे माझं सत्य आहे’ मराठीत चालेल का?

अर्थ एकच नाही. सत्यावरचे बरेचसे वाद या दोन शब्दांची गल्लत झाल्यामुळेच चिघळतात, असं माझं ठाम मत आहे.

‘सापेक्ष’ची फोड स + अपेक्षा. ही अपेक्षा म्हणजे आशा नव्हे. संस्कृतात ‘कशाला तरी धरून पाहणं’ असाही तिचा अर्थ आहे, आणि मराठीतला तुलनेचा ‘पेक्षा’ तिच्यातूनच आला. डोंगर टेकडीपेक्षा उंच, हे सांगणारा कुणीही असो, विधान तेच राहतं. टेकडीच्या जागी दुसरा, मोठा डोंगर घेतला तर मात्र ते बदलेल. धावत्या गाडीतला प्रवासी डब्याच्या अपेक्षेने स्थिर आहे, रुळांच्या अपेक्षेने पुढे चालला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि त्याला गाढ झोप लागलेली असली तरी खऱ्याच. सापेक्ष ते हे. इथे कुणाच्या मताला जागाच नाही.

म्हणून ‘आइन्स्टाईननेही सांगितलंय, सगळं सापेक्ष असतं’ हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. १९०५ सालच्या त्याच्या सापेक्षतेच्या सिद्धांताच्या पायाशीच एक न बदलणारी गोष्ट आहे: निर्वातातला प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, एकसमान गतीने जाणाऱ्या प्रत्येक निरीक्षकाला सारखाच भरतो. अंतर आणि काळ वेगवेगळे भरतात, पण कुणाला किती भरतील हे गणिताने नेमकं सांगता येतं.

हीच ‘अपेक्षा’ जैन तर्कशास्त्राने फार काटेकोरपणे वापरली आहे. स्याद्वाद या त्यातल्या सिद्धांतामधल्या ‘स्यात्’चा अर्थ ‘कदाचित’ असा लावून त्याला संशयवाद ठरवलं जातं, ते चूक आहे. स्यात् म्हणजे ‘अमुक एका अपेक्षेने’. घडा स्वतःच्या द्रव्याच्या, स्थळाच्या, काळाच्या आणि भावाच्या, म्हणजे स्वरूपाच्या, अपेक्षेने आहे. परक्या द्रव्य-स्थळ-काळ-भावाच्या अपेक्षेने नाही. मातीचा म्हणून आहे, सोन्याचा म्हणून नाही. यात डळमळीत काहीच नाही. विधान कोणत्या अटीवर खरं, ते आधी बोलून दाखवायची ही शिस्त आहे.

‘व्यक्तिनिष्ठ’चं तसं नाही. तिथे आधार अनुभव घेणाऱ्यात असतो. एक हात गार पाण्यात आणि दुसरा गरम पाण्यात थोडा वेळ धरा, मग दोन्ही एकदम कोमट पाण्यात बुडवा. तेच पाणी एका हाताला गरम लागतं, दुसऱ्याला गार. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने हे उदाहरण दिलं होतं. माणूस एकच, तरी अनुभव दोन! ‘या हाताला गार लागतंय’ हे खरंच आहे. ‘पाणी गार आहे’ हा दावा वेगळा, त्याची शहानिशा तापमापकाने करायची. मराठीची क्रियापदं हा फरक फार छान सांभाळतात: लागतं, वाटतं, दिसतं, भासतं ही एकीकडे आणि ‘आहे’ दुसरीकडे. २०१५ मध्ये एका पोशाखाच्या फोटोवरून जगभर वाद झाला. काहींना तो निळा-काळा दिसला, काहींना पांढरा-सोनेरी. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पोशाख मात्र निळा-काळाच होता.

आता ‘माझं सत्य’. सत्य हा शब्द सत्-पासून, म्हणजे ‘असणे’ या अर्थाच्या अस् धातूपासून आला. जे आहे, ते सत्य. त्याच्यामागे ‘माझं’ लावलं की शब्दाचा पायाच निसटतो. मराठीला ही वृत्ती ठाऊक नव्हती असं नाही, पण तिची नोंद भाषेने नापसंतीने केली: ‘तो आपलंच खरं करतो’. ‘बरं बाबा, तुझंच खरं’ असं आपण म्हणतो तेही पटलं म्हणून नव्हे, वाद मिटावा म्हणून. उलट ‘खरं-खोटं करणं’ म्हणजे सगळ्यांना समोरासमोर आणून छडा लावणं, आणि तिथे ‘माझं-तुझं’ उरत नाही.

तरीही हे शब्द वापरणाऱ्याला झिडकारू नये. बहुतेकदा त्या माणसाला सोसलेलं काहीतरी सांगायचं असतं, जे आजवर कुणी ऐकून घेतलेलं नसतं. त्यासाठी ‘माझा अनुभव’, ‘माझी बाजू’ किंवा सरळ ‘माझ्यावर हे गुदरलं’ हे शब्द मला जास्त बळकट वाटतात. ‘जे घडलं ते असं घडलं’ म्हणणाऱ्याला पुरावा मागता येतो, साक्ष काढता येते, न्याय मागता येतो. ‘हे माझं सत्य’ म्हटलं की ज्याने अन्याय केला तोही आपलं सत्य घेऊन शेजारी उभा राहतो, आणि मग त्याला खोटं म्हणायला आपल्याकडे शब्दच उरत नाही.