वाचकांचे प्रश्न : कालचे सोबती, आजची जबाबदारी

प्रश्न : चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आठ वर्षे सीएनसी (संगणकाच्या नियंत्रणावर चालणारे) मशीन चालवत होतो. दिवाळीनंतर मला त्याच विभागात पाळीप्रमुख केले. कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, ते सहकारी आता माझे मनावर घेत नाहीत. रिजेक्शन (बाद होणारे नग) वाढले की साहेब मला जाब विचारतात आणि शेवटी निम्मी कामे मीच उरकतो. नेतृत्वावरचे प्रशिक्षण झाले, परंतु प्रत्यक्ष लाइनवर त्याचा उपयोग होत नाही. मी काय करावे?
— एक वाचक, चाकण

उत्तर : निम्मी कामे आपणच उरकता, हे आपल्या अडचणीचे मूळ आहे असे मला वाटते. कसबी कारागीर पाळीप्रमुख झाला की अडलेल्या मशीनवर स्वतः हात घालण्याचा मोह त्याला आवरत नाही, कारण ते काम त्याला इतरांपेक्षा लवकर जमते; मात्र दर वेळी तोच धावून गेला, तर शेजारी उभा असलेला ऑपरेटर शिकत नाही आणि आपल्यावर विश्वास नाही अशी त्याची समजूत होते, ती वेगळीच.

हा प्रश्न जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत नवख्या कामगारांची मोठी भरती झाली, तेव्हा त्यांना घडवणारे पर्यवेक्षक तयार करण्यासाठी १९४० मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम सुरू झाला आणि १९४५ पर्यंत त्यात सोळा लाखांहून अधिक लोक शिकून गेले. युद्धानंतर तो जपानमध्ये पोहोचला व तेथील कारखान्यांत चांगलाच रुजला. त्यातील शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची आहे : शिकणाऱ्याची मनाची तयारी करणे, काम करून दाखवणे, ते त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेच नाही, हे त्यामागचे सूत्र मला आजही तंतोतंत पटते.

आपल्याच विभागातले उदाहरण घेऊ. इन्सर्ट (मशीनमधले धातू कापणारे पाते) बदलल्यानंतर बोअरचे (नगातील छिद्राचे) माप सरकले आणि ऑपरेटरच्या लक्षात येईपर्यंत वीस नग बाद झाले, असे समजा. आपण जाऊन ऑफसेट (पात्याच्या स्थितीसाठी मशीनमध्ये भरायचा आकडा) दुरुस्त केलात, तर दोन मिनिटांत लाइन सुरू होईल, परंतु पुढच्या आठवड्यात हेच पुन्हा घडेल. त्याऐवजी ऑफसेट त्यालाच भरू द्यावा, पहिला नग बोअर गेजने त्यालाच तपासू द्यावा आणि इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग तपासल्याशिवाय पुढे का जायचे नाही, हे त्याच्या तोंडून ऐकावे. जो आपल्या शब्दांत कारण सांगू शकतो, त्याला ते समजले असे मानण्यास हरकत नाही. यात पंधरा मिनिटे जातील आणि त्या दिवशीचे उत्पादन थोडे मागे पडेल. ते का पडले, हे साहेबांना आपणहून सांगण्याची तयारी मात्र हवी.

रागावण्यापूर्वी माहिती घ्यावी, हाही त्याच कार्यक्रमातील धडा. सलग तीन दिवस उशिरा येणाऱ्याला सर्वांदेखत बोलण्याआधी बाजूला घेऊन कारण विचारावे. कंपनीच्या बसची वेळ बदललेली असू शकते किंवा घरी कोणी आजारी असू शकते. कारण ऐकून निर्णय घ्यावा, तो स्पष्ट शब्दांत सांगावा आणि आठवड्याभराने फरक पडला का ते पाहावे.

जुन्या सोबत्यांशी तुटकपणे वागण्याची काहीही गरज नाही. डबा त्यांच्यासोबतच खावा. मात्र रात्रपाळी, ओव्हरटाइम आणि रजा यांची वाटणी फळ्यावर सर्वांना दिसेल अशी लिहावी आणि जवळच्या मित्रासाठीही त्यात परस्पर बदल करू नये.

प्रश्न : पगारवाढ किंवा बढती माझ्या हातात नाही. मग माणसांनी मन लावून काम करावे यासाठी मी काय देऊ शकते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या हातात वाटते त्याहून बरेच आहे. एखाद्याने सुचवलेली सुधारणा वरिष्ठांपुढे मांडताना त्याचे नाव घेणे, शक्य असल्यास त्यालाच बैठकीत बोलू देणे आणि चूक झाली तर बाहेर विभागाची जबाबदारी स्वतः घेऊन आत त्या व्यक्तीशी एकांतात बोलणे, एवढे तरी कोणत्याही परवानगीशिवाय करता येते. पगाराविषयी कोणी विचारले, तर खोटी आशा दाखवू नये. मागणी कोणाकडे आणि कधी पोहोचवणार ते सांगावे, आणि उत्तर नकारार्थी आले तरी ते त्याच व्यक्तीला स्वतः जाऊन कळवावे.