स्पोर्ट्स कारला टर्बो बसवावा की सुपरचार्जर?

तुमची गाडी दोन लिटरची, नॅचरली ॲस्पिरेटेड (हवा स्वतःच ओढणारी), रिअर व्हील ड्राइव्ह (मागच्या चाकांना ताकद देणारी). अश्वशक्ती साधारण 200, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 12.5. इंजिन न उघडता 280 पर्यंत न्यायची आहे, आणि वापर म्हणजे सुट्टीच्या दिवशी घाटरस्ते, अधूनमधून ट्रॅक. एवढं नीट सांगितलंत म्हणून सरळ उत्तर देता येतंय: कमी बूस्टचा (हवेच्या जादा दाबाचा) सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर, दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरसकट. टर्बो नको. दोन्ही इंजिनात जादा हवा कोंबतात, टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर आणि सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर. तुमची गरज थोडी जरी वेगळी असती तरी मीच टर्बो घ्या म्हणालो असतो, म्हणून कारणं जरा सविस्तर लिहितो. अशा गाड्यांच्या ट्यूनिंगमध्येच माझा दिवस जातो, त्यामुळे मतं थोडी ठाम आहेत.

पहिल्यांदा ते नेहमीचं वाक्य घेऊ, की टर्बो फुकटात ताकद देतो आणि सुपरचार्जर इंजिनाचीच ताकद खातो. दुसरा अर्धा भाग खरा आहे. सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो, तेव्हा तो खाणारच. डॉज चॅलेंजर हेलकॅटचं 6.2 लिटरचं व्ही-8 इंजिन सुरुवातीला 707 अश्वशक्तीचं आलं. पूर्ण जोरात असताना त्यातला सुपरचार्जर फिरवायलाच सुमारे 80 अश्वशक्ती लागते. पण टर्बोही फुकट नाही. एक्झॉस्टच्या वाटेत टर्बाइन बसवलं की त्याच्या मागे दाब तुंबतो, आणि जळालेला वायू बाहेर रेटायला पिस्टनला जास्त जोर लावावा लागतो. एरवी सायलेन्सरमधून वाया जाणारी बरीच ऊर्जा कामाला येते, म्हणून एकंदर हिशेब टर्बोच्या बाजूने झुकतो, इतकंच.

इंधन आणि उत्सर्जनाच्या नियमांपायी कंपन्या टर्बोकडे गेल्या त्या याच हिशेबाने. मिनी कूपर एसच्या 2002 च्या पिढीत सुपरचार्जर होता, 2006 च्या पिढीत टर्बो आला. कॉर्व्हेट झेडआर-1 मागच्या पिढीपर्यंत सुपरचार्जरवर 755 अश्वशक्ती देत होती, आताची दोन टर्बोंवर 1,064 देते. हे दाखले देऊन लोक विचारतात, कंपन्याच टर्बो लावतात तर आपण का नाही? कारण त्यांनी ते इंजिन टर्बोसाठीच आखलेलं असतं. पिस्टन, कॉम्प्रेशन, तेलाच्या वाटा, कूलिंग, एक्झॉस्टची जागा, सगळं त्या हिशेबाने. तुमच्या इंजिनाला टर्बो येणार आहे हे त्याच्या आखणीवाल्याला कधी ठाऊकच नव्हतं.

आता खरा मुद्दा, जो किट विकणारे सहसा काढत नाहीत. इंजिन मरतं ते कमाल अश्वशक्तीने कमी, आणि खालच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) आलेल्या टॉर्कने, म्हणजे फिरवण्याच्या जोराने, जास्त.

गणित सोपं आहे. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले साधारण 7,020, म्हणजे अश्वशक्ती. सुपरचार्जरवर 7,000 आरपीएमला 280 अश्वशक्ती मिळाली, तर तिथला टॉर्क 280 न्यूटन-मीटर होतो. सेंट्रिफ्यूगलचा बूस्ट आरपीएमबरोबर चढतो, त्यामुळे 3,500 ला तो जेमतेम सुरू झालेला असतो आणि टॉर्क मूळ इंजिनापेक्षा थोडासाच वर. याउलट छोटा, चपळ टर्बो 3,500 लाच पूर्ण बूस्ट देऊन 350 न्यूटन-मीटर काढू शकतो, आणि वर जाऊन त्याच 280 अश्वशक्तीवर थांबतो. जाहिरातीत दोन्ही गाड्या सारख्या. पण 3,500 ला सिलिंडरमधला दाब एकीत दुसरीपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तो सोसायचा कारखान्यातल्या कनेक्टिंग रॉडनी, पिस्टन रिंगांमधल्या पातळ कडांनी, क्लचने आणि गिअरबॉक्सने. खालच्या आरपीएमला पिस्टन सावकाश हलतो, म्हणून मिश्रण दाबाखाली आणि उष्णतेत जास्त वेळ राहतं. नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप भडकण्याला, ही परिस्थिती अगदी सोयीची.

बूस्ट कंट्रोलरने टर्बोचा टॉर्क खाली दाबून ठेवता येतो, हे मान्य. चांगला ट्यूनर तसं करतोही. पण मग टर्बोची जी मुख्य मजा, ती मधल्या आरपीएमची धडक, तीच काढून टाकायची आणि त्याची उष्णता व गुंतागुंत मात्र ठेवायची, हा व्यवहार मला पटत नाही.

ट्रॅकवर आणि घाटात आणखी एक गोष्ट जाणवते, ती म्हणजे वळणाच्या मध्यात ॲक्सिलरेटर परत देताना गाडी काय करते. दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. ज्या आरपीएमच्या खाली टर्बो बूस्ट देऊच शकत नाही, ती त्याची मर्यादा. त्या मर्यादेच्या वर असूनही पाय दाबल्यावर बूस्ट यायला जो वेळ लागतो, तो लॅग. ट्रॅकवर तुम्ही मर्यादेच्या वरच राहाल, त्यामुळे पहिलीचा त्रास नाही. दुसरा मात्र राहतो. आजचे बॉल बेअरिंगचे, ट्विन स्क्रोल टर्बो फार पुढे गेलेत. 1975 च्या पोर्शे 911 टर्बोसारखं आता होत नाही. तिथे पाय दिल्यावर काही क्षण काहीच व्हायचं नाही आणि मग सगळी ताकद नेमकी वळणातच एकदम मागच्या चाकांवर यायची. तरीही मागच्या चाकांची पकड संपायच्या बेतात असताना तुम्हाला पायाने टॉर्कचा छोटा-छोटा तुकडा मोजून द्यायचा असतो. बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर आरपीएमला बांधलेला असल्यामुळे तिथे तुम्ही मागाल तेवढंच, मागाल तेव्हाच मिळतं. तुमची गाडी हलकी आहे आणि तिचं कौतुक तिच्या तोलासाठी होतं. त्या गाडीला हा गुण माझ्या मते वीस-तीस अश्वशक्तींपेक्षा मोलाचा आहे.

सुपरचार्जर म्हटलं की मग कोणता, हा प्रश्न येतोच. रूट्स आणि ट्विन स्क्रू हे प्रकार दर फेरीला हवेचं ठरावीक माप आत ढकलतात, त्यामुळे अगदी खालपासून पूर्ण बूस्ट. चालवायला फार गोड. रूट्सचं मूळ पेटंट 1860 चं, मोटारीच्याही आधीचं. भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायच्या यंत्रांतून ते आलं. साध्या रूट्सची अडचण म्हणजे त्याची कार्यक्षमता कमी, म्हणजे त्याच दाबाला हवा जास्त तापते. सेंट्रिफ्यूगलमध्ये टर्बोसारखंच कॉम्प्रेसर चाक असतं, फक्त ते एक्झॉस्टऐवजी पट्टा आणि गिअर फिरवतात.

तापण्याचं गणित प्रत्यक्ष करून बघा. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक तापतं, तेच इथे होतं. बाहेर 30 अंश सेल्सिअस आणि बूस्ट 0.5 बार धरला, तर 70 टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर हवा 83 अंशांच्या आसपास नेतो. 55 टक्क्यांचा असेल तर जवळपास 98. पंधरा अंशांचा फरक. 12.5 कॉम्प्रेशनच्या इंजिनात हेच पंधरा अंश ठरवतात की ट्यूनरला इग्निशन टायमिंग (ठिणगी पाडायची वेळ) किती मागे घ्यावं लागेल. टायमिंग मागे घेतलं की ताकद गेली, वर एक्झॉस्टचं तापमान वाढलं. म्हणून इंटरकूलर ऐच्छिक समजू नका. कमी बूस्टला त्याची गरज नाही असं सांगून किट विकणारे भेटतील, तिथून निघा.

0.5 बार म्हणजे कागदावर दीडपट हवा, 200 चे 300. उष्णता आणि पट्ट्याचा खर्च वजा जाता 270-280 उरतात. म्हणजे तुमचं उद्दिष्ट याच बूस्टमध्ये बसतं, त्याहून वर जायचं कारण नाही.

बसवण्याच्या कामात दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा. टर्बोला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदला, डाउनपाइप नवा, तेलाची आवक-जावक, बहुतेकदा पाणीही. यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते तेलाच्या परतीच्या नळीकडे. टर्बोतून तेल दाबाने परत येत नाही, ते वजनाने खाली वाहतं. नळी जाड हवी, सतत उतारावर हवी आणि ऑइल पॅनमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उतरायला हवी. नळीला कुठे पोट आलं की तेल टर्बोत साठतं, सील ओलांडतं आणि गाडी निळा धूर सोडते. मग लोक टर्बो खराब निघाला म्हणून नवा आणतात, आणि तोही तसाच धूर सोडतो. शिवाय ट्रॅकवरून आल्यावर टर्बाइनचं घर लालबुंद दिसतं. त्याच्या वीतभर अंतरात क्लचची नळी, वायरिंग, इंजिनाचे रबरी माउंट असतील तर हीट शील्डवर कंजुषी करू नका.

सुपरचार्जरची दुखणी मुख्यतः पट्ट्याची. पुली एका रेषेत नसल्या किंवा ताण कमी असला तर पट्टा घसरतो. ओळखायचं कसं? पुलीच्या आजूबाजूला बारीक काळी भुकटी बसलेली दिसते, आणि लॉगमध्ये (गाडीच्या संगणकाच्या नोंदीत) बूस्टची रेघ 6,000 च्या पुढे चढायची सोडून आडवी होते किंवा खाली वाकते. हे दिसलं की आधी ताण आणि रेष तपासायची. छोटी पुली लावून बूस्ट वाढवायला गेलात तर घसरणं आणखी वाढेल. आणि हो, सुपरचार्जरची शीळ काहींना आवडते, काहींना महिन्याभरात नकोशी होते. आधी कुणाच्या तरी गाडीत बसून ऐका.

दोन्हींपैकी काहीही लावलंत तरी मोठे इंजेक्टर, इंधन पंपाची तपासणी, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल आणि ईसीयूचं (इंजिनाच्या संगणकाचं) खास तुमच्या गाडीवर केलेलं ट्यूनिंग लागणारच. क्लचही बहुधा. पूर्ण थ्रॉटलला हवा-इंधन प्रमाण 11.5 ते 12 च्या दरम्यान आणि नॉकची नोंद शून्य, हे लॉगमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नका. तुमच्याकडचे नोंदणी आणि उत्सर्जनाचे नियम काय म्हणतात तेही पट्टा चढवायच्या आधी बघून घ्या.

टर्बो मी कधी सांगितला असता? तुम्ही 350 च्या पुढे जायचं म्हणाला असता, कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड घालायची तयारी असती, तर डोळे मिटून. तेवढी हवा पट्ट्याने रेटणं छोट्या इंजिनाला जड जातं, आणि बूस्ट सॉफ्टवेअरमधून कमी-जास्त करता येणं हे मोठं सुख आहे. किंवा तुम्ही रोज महामार्गावर, 4,500 च्या आत गाडी चालवणारे असता, तरीही. त्या वापरात सेंट्रिफ्यूगल अक्षरशः वाया जातो. तुमची गाडी वरच्या आरपीएमला खेळवायची सवय असेल तरच माझा सल्ला लागू. वरपर्यंत न्यायचा कंटाळा असेल पण पायाखालचा ताबडतोब प्रतिसाद हवा असेल, तर छोटा रूट्स किंवा ट्विन स्क्रू हा मधला मार्ग, फक्त त्याचं इंटरकूलिंग मन लावून बघा, आणि खालचा टॉर्क ट्यूनरकडून आवरून घ्या.

किटवाल्याशी बोलताना कमाल आकडा विचारू नका. 2,500 पासून रेडलाइनपर्यंतचा (आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंतचा) टॉर्कचा पूर्ण आलेख मागा, आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) लागोपाठ तीन-चार वेळा पळवल्यावर शेवटच्या वेळी आत जाणाऱ्या हवेचं तापमान किती होतं तेही. पहिल्या थंड फेरीचा कागद सगळेच दाखवतात. शेवटच्या फेरीचा ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडून किट घ्या.