सरकारी हिशेबाची पद्धत बदलली तर सामान्य मतदाराला काय फरक पडतो?

तुम्ही विचारलंय की सरकारी हिशेब रोखीचा (पैसा हातात आला-गेला की नोंद) असो की उपार्जनाचा (देणं-येणं झालं की लगेच नोंद), मत देणाऱ्या माणसाला त्याचं काय? फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. अमळनेर तालुक्यात ग्रामसेवक होतो तेव्हा हे मला नीट कळलं.

१ मेची ग्रामसभा होती. मारुतीच्या पारापुढे सतरंजी अंथरलेली. मी जमा-खर्च वाचून दाखवला, वर्षअखेर शिल्लक तीन लाखांच्या वर. लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून एक आजी उठल्या, "आप्पा, पैसा शे ना, मंग नळले पानी काबर येत नही?"

पाणी येत नव्हतं, कारण विहिरीवरच्या मोटारीचं कनेक्शन थकबाकीपायी तोडलं होतं. दोन वर्षांची बिलं माझ्याच टेबलाच्या खणात टाचणी लावून पडलेली. गटार बांधणाऱ्या ठेकेदाराचं देयकही त्यातच. मी वाचलेला एकही आकडा खोटा नव्हता, तरी गावाला खरं काही कळलं नव्हतं. रोकड वहीत पैसा आला की जमा, गेला की खर्च. न भरलेल्या बिलाला तिथे जागाच नाही. बिलं दाबून ठेवा, शिल्लक आपोआप फुगते.

पुढच्या निवडणुकीत त्याच शिल्लकेवर मतं मागितली गेली. थकबाकी नव्या बॉडीच्या गळ्यात पडली. घरपट्टीची सक्तीने वसुली त्यांनी केली आणि बोलणीही त्यांनीच खाल्ली. देणं कोणी करून ठेवलं हे गावाला दिसलं असतं, तर मतं कदाचित वेगळी पडली असती. मला ही गोष्ट अजून सलते.

उपार्जन पद्धतीत वीज वापरली त्याच महिन्यात बिलाचं देणं वहीत चढतं, भरा किंवा भरू नका. कर्जाचंही तेच. रोखीच्या हिशेबात कर्ज आलं त्या वर्षी ते जमेच्या बाजूला बसतं आणि वर्ष भरभराटीचं वाटतं. हप्ते मात्र पुढची माणसं फेडतात. जळगावकरांना हे वेगळं सांगायला नको, त्यांच्या पालिकेने हुडको या सरकारी वित्त कंपनीकडून काढलेल्या कर्जाचं ओझं त्यांनी वर्षानुवर्षे सोसलंय.

वरच्या पातळीवर हा विषय जुनाच आहे. कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, २००२ मध्ये सरकारी लेखा मानकांसाठी सल्लागार मंडळ नेमलं, बाराव्या वित्त आयोगाने उपार्जनाकडे वळायची शिफारस केली. तरी केंद्र आणि राज्यांचे मुख्य हिशेब अजून रोखीवरच चालतात. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने उपार्जनाची वाट धरली. आपल्याकडे नगरपालिकांसाठी २००४ मध्ये राष्ट्रीय लेखा नियमपुस्तिका आली, त्यातून उपार्जनावरची द्विनोंद पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत नोंदवायची, शहरांत शिरली. पण सॉफ्टवेअर बदललं म्हणून खणातली बिलं बाहेर येत नाहीत. ती कोणीतरी मागावी लागतात.

आणि मागायची सोय गावातही आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे हिशेब ३३ नमुन्यांत ठेवतात. नमुना ५ म्हणजे सामान्य रोकड वही, तीच सगळे बघतात. नमुना ४ मत्ता व दायित्वांचा, म्हणजे पंचायतीकडे काय आहे आणि ती कोणाचं किती देणं लागते याचा. माझ्या नोकरीत तो नमुना मागणारा माणूस मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही भेटला नाही.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला "शिल्लक किती?" असं विचारू नका. नमुना ४ वाचायला सांगा आणि पाणीपुरवठ्याचं, पथदिव्यांचं शेवटचं बिल शेजारी ठेवायला लावा. आकडे जुळतात का ते तिथेच सगळ्यांसमोर बघा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शहरात राहत असाल तर पालिकेचा ताळेबंद मागा. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानाला हिशेब ऑनलाइन ठेवायची अट घातली होती, त्यामुळे आधी तिथे शोधा. देण्यांचं पान उघडा आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी लावून बघा.