आपल्या गावाचा झेंडा कोणता?

शिकागो, १२ जानेवारी

प्रिय चिऊ,

तुझं पत्र आणि तू काढलेल्या झेंड्यांचं चित्र मिळालं. आजोबांनी काढलेल्या त्याच्या फोटोत रंग थोडे फिके आलेत, पण आपल्या झिरो माइलच्या खांबाजवळचे चारही घोडे ओळखू येतात. तू विचारलंस, "बाबा, तू पाठवलेल्या टोपीवर शिकागोचा झेंडा आहे. मग आपल्या नागपूरचा कोणता? आपल्याकडे देवळावर झेंडा, दिंडीत झेंडा, पाडव्याला घरोघरी गुढी. मग गावाचाच झेंडा का नाही?"

प्रश्न फार चांगला आहे. मी चार दिवस कामावर जाता-येता त्याचाच विचार करत होतो.

आधी टोपीवरचा झेंडा सांगतो. पांढऱ्यावर दोन फिकट निळे पट्टे, मध्ये चार लाल तारे. निळे पट्टे म्हणजे पाणी: वरच्या पट्ट्यात मिशिगन सरोवर आणि शिकागो नदीची उत्तरेकडची शाखा, खालच्यात दक्षिणेकडची शाखा आणि कालवा. पांढरे तीन पट्टे म्हणजे शहराच्या उत्तर, पश्चिम आणि दक्षिण बाजू. १९१७ साली वॉलेस राइस नावाच्या माणसाने हा झेंडा केला तेव्हा तारे दोनच होते: एक १८७१ च्या मोठ्या आगीचा, दुसरा १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाचा. तिसरा १९३३ मध्ये आला, चौथा १९३९ मध्ये. तुझ्या चित्रात ताऱ्यांना पाच टोकं आहेत, ती सहा कर. पाच टोकांचे तारे देशांच्या आणि राज्यांच्या झेंड्यांवर असतात, म्हणून राइसने शहरासाठी मुद्दाम सहा टोकांचे घेतले.

त्यातला १८९३ चा तारा मला आपला वाटतो. त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने इथे सर्वधर्म परिषद भरली आणि तिथे विवेकानंद बोलले. आज त्यांची जयंती. ज्या इमारतीत ते बोलले, तिथे आता चित्रांचं मोठं संग्रहालय आहे आणि समोरच्या रस्त्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. मी आज दुपारी तिकडून चालत गेलो. सरोवराकडून वारा इतका झोंबत होता की थांबवेना, पण समोरच्या काठीवरचा झेंडा ताठ उभा राहिला होता आणि चारही तारे स्पष्ट दिसत होते.

आता तुझा खरा प्रश्न. इकडच्या झेंड्यांचं मूळ ढालीत आहे. युरोपात चिलखत घालून लढणाऱ्या सरदाराचा चेहरा झाकलेला असायचा, मग आपला कोण आणि परका कोण हे ढालीवरच्या खुणेवरून ओळखायचं. खूण लांबून दिसली पाहिजे, म्हणून त्यांनी नियम केला: सोनेरी आणि पांढरा हे दोन उजळ रंग एकमेकांवर ठेवायचे नाहीत, आणि गडद रंगावर गडद रंग ठेवायचा नाही. त्या ढाली पुढे घराण्यांच्या झाल्या, मग शहरांच्या, आणि तिथून झेंड्यांवर आल्या. अमेरिकेच्या राजधानीचा झेंडा बघ, पांढऱ्यावर दोन लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे. ती जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराण्याची जुनी ढाल आहे, १९३८ मध्ये तिचाच झेंडा केला.

आपल्याकडे खूण वेगळ्या जागी राहिली. आपली खूण मुद्रेत आहे. शिवाजी महाराजांची राजमुद्रा तुला पाठ आहे, "प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता". तिच्यात वाघ नाही, तलवार नाही, किल्ला नाही. आठ कोनांची चौकट आणि आत संस्कृत अक्षरं. ढाल लांबून ओळखायची असते आणि मुद्रा जवळ घेऊन वाचायची असते. म्हणून मला वाटतं, आपल्या महापालिका अजून मुद्रेच्याच घरातल्या आहेत. मुंबई महापालिकेचं "यतो धर्मस्ततो जयः" घे, पुण्याचं "वरं जनहितं ध्येयम्" घे. ही वाक्यं कागदावर, पाटीवर शोभतात. वाऱ्यावर फडकताना ती कोण वाचणार?

चित्रंही आपल्याकडे होती, पण ती दगडात कोरली गेली. मागच्या उन्हाळ्यात मामाकडे चंद्रपूरला गेलीस तेव्हा परकोटाच्या दरवाजावर हत्तीला दाबून धरणारा सिंह पाहिलास ना? ती गोंड राजांची खूण. आपलं नागपूरही देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, बारा वाड्या एकत्र करून वसवलं. भोसले त्यानंतर आले. हे तुझ्या चित्रात कुठेच नाही, आणि पुष्कळ मोठ्यांच्याही लक्षात राहत नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

आणि झेंडा? तो आपण कोरा ठेवला. भगवा बघ, नुसता रंग आणि दोन टोकं. दिंडीत वारकऱ्याच्या खांद्यावर तोच, रामटेकच्या गडावर तोच, आणि अटकेपार गेला तोही तोच म्हणतात. त्यावर कुठल्या गावाचं नाव नाही, कारण तो गावाचा नसतोच. तो चालणाऱ्यांचा असतो, नाही तर देवाचा. गुढीचंही तसंच. आजी कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि वर तांब्याचा गडू लावते, पण वस्त्र दर वर्षी वेगळं असतं. कधी तिची जांभळी पैठणी, कधी आईचा नवा खण. शेजारच्यांची गुढी आपल्यासारखी दिसावी असं कुणालाच वाटत नाही.

संस्थानिकांना ढालीची चित्रं मिळाली ती इंग्रजांकडून. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेलोकांना रेशमी निशाणं वाटली, त्यावरची चिन्हं रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने काढली होती. नागपूरचं राज्य तर १८५४ मध्येच खालसा झालं होतं.

मुद्रा झेंड्यावर आल्याचं एक उदाहरण मात्र तुला दाखवायचंच आहे. २०२२ मध्ये आपल्या नौदलाने झेंड्यावरचा इंग्रजांच्या वेळचा लाल क्रूस काढला आणि निळी अष्टकोनी चौकट घेतली. तिला दोन सोनेरी कडा आहेत आणि तिचा आकार शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला आहे. आत अशोकस्तंभ आणि जहाजाचा नांगर आहे, खाली "शं नो वरुणः". अक्षरं असूनही हा झेंडा मला फार आवडतो, कारण लांबून अक्षरं दिसली नाहीत तरी आठ कोन दिसतात.

तू लिहिलंस की नागपूरला झेंडाच नाही. इथे मात्र तुला थांबवतो, चिऊ. शिकागोसारखा टोपीवर, कपावर मिरवावा असा आपल्या शहराचा झेंडा नाही, हे खरं. पण झेंड्यासाठी लोक तुरुंगात गेले ते याच शहरात. १९२३ च्या उन्हाळ्यात सरकारने हुकूम काढला की तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरायचं नाही, तिथे साहेबलोक राहतात. तो तिरंगा आजचा नव्हे. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि त्यावर चरखा. मग रोज थोडे लोक झेंडा घेऊन निघायचे, त्या हद्दीवर पोचायचे आणि पकडले जायचे. नागपूरचा मे महिना तुला माहीत आहे, अकरा वाजता डांबर चपलेला चिकटतं. तशा उन्हात देशभरातून माणसं येत राहिली. जमनालाल बजाज पुढारी होते, ते तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेल आले. विनोबाही याच सत्याग्रहात पकडले गेले, आधी नागपूरच्या आणि मग अकोल्याच्या तुरुंगात होते. शेवटी १८ ऑगस्टला मिरवणूक झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून गेली. तू शाळेच्या बसमधून रोज जातेस तोच भाग.

आणखी एक झेंडा तुझ्या चित्रात आहे पण तू त्याला "रंगीत" एवढंच म्हटलंस. दीक्षाभूमीच्या स्तूपाशेजारी जो काढलास तो पंचशील ध्वज. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हे पाच उभे पट्टे, आणि सहाव्यात तेच पाच रंग एकावर एक आडवे. तो श्रीलंकेत १८८५ मध्ये झाला. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून दसऱ्याच्या सुमारास अर्धं शहर त्या पाच रंगांत दिसतं. तुझ्या चित्रात लाल आणि पांढऱ्याची अदलाबदल झाली आहे, तेवढं दुरुस्त कर.

आता तू स्वतः केलेल्या नागपूरच्या झेंड्याबद्दल. संत्रं, वाघ, स्तूप, मेट्रो, चार घोडे, आणि खाली "नागपूर" असं मोठ्या अक्षरांत. सगळं खरं आहे आणि सगळं आपलंच आहे. पण हे पोस्टर झालं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या झेंडा-अभ्यासकांनी दीडशे शहरांचे झेंडे लोकांकडून तपासून घेतले. शिकागोचा दुसरा आला, आणि पोकाटेलो नावाच्या गावाचा अगदी शेवटचा. त्यावर गावाचं नाव, डोंगर आणि घोषवाक्य असं सगळं कोंबलं होतं. त्या गावाने हे मनावर घेतलं आणि २०१७ मध्ये नवा झेंडा केला. एक परीक्षा तूही करून बघ: चित्र मिटून ठेव आणि धाकट्या विहानला आठवणीने काढायला सांग. तो जे काढेल तेवढंच ठेव.

मी तुझ्या जागी असतो तर संत्र्याचा नुसता रंग घेतला असता आणि त्यावरून एक नागमोडी पांढरी रेघ. तीच नाग नदी, तोच नाग. बख्त बुलंद शाहच्या बारा वाड्यांची आठवण कशी ठेवायची हे मला अजून सुचलेलं नाही. बारा ठिपके चांगले दिसतील का? आजीला विचार, तिच्या रांगोळीत ठिपके कधी चुकत नाहीत.

२६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात. आजोबांबरोबर सकाळीच जा, नंतर गर्दी होते. वरच्या बुरुजावरून सिव्हिल लाइन्सची झाडं कुठे सुरू होतात ते बघ आणि मला फोनवर सांग. मी जागा राहीन, इथे तेव्हा आदल्या दिवसाची रात्र असेल.

तीळगूळ मिळाला. आईला सांग, एकही वडी तुटली नाही.

तुझा,
बाबा